ओक ग्रोव्ह: एका पटरने खेळण्याचा कोर्स

डिस्क गोल्फ, म्हणजे तबकडी (डिस्क) फेकून खेळायचा गोल्फ, खेळणाऱ्यांच्या गप्पांत कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह या कोर्सचा विषय निघाला की दोन ठरलेली मते ऐकू येतात. जगातला पहिला कायमस्वरूपी कोर्स आहे, तेव्हा आयुष्यात एकदा तरी तिथे जाऊन यावे, हे एक मत; आणि नाव मोठे असले तरी कोर्स अगदीच छोटा आहे, आजच्या खेळाडूला तिथे हात मोकळा सोडायला जागा नाही, हे दुसरे. पहिल्या मतात आदर आहे पण खेळाचा विचार नाही. दुसऱ्यात खेळाचा विचार आहे पण तो अर्धवट आहे. मी हा कोर्स सकाळच्या गारव्यात खेळलो आहे, भर उन्हात खेळलो आहे, रविवारच्या गर्दीत आणि आठवड्याच्या मधल्या रिकाम्या दुपारीही खेळलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की ओक ग्रोव्ह आजही एक उत्तम, कसोटी पाहणारा कोर्स आहे. फक्त तो कोणत्या डिस्कसाठी आखला गेला होता हे ध्यानात घेऊन, तशाच डिस्कने तो खेळायला हवा.

आधी जागेविषयी. लॉस एंजेलिसच्या ईशान्येला सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी, पासाडेना आणि ला कन्याडा फ्लिंट्रिज या दोन शहरांच्या शिवेवर, अरोयो सेको या ओढ्याच्या काठाने हे उद्यान पसरले आहे. ओढ्यावर खालच्या अंगाला १९२० साली बांधलेले डेव्हिल्स गेट धरण आहे आणि त्याच्या वरच्या बाजूचा हा सगळा पट्टा पुराचे पाणी अडवण्यासाठी राखलेला आहे. पूर्वी याला ओक ग्रोव्ह पार्क म्हणत. आता अधिकृत नाव हाहामोंग्ना वॉटरशेड पार्क असे आहे आणि हाहामोंग्ना हे नाव इथल्या मूळच्या टोंग्वा लोकांच्या भाषेतून आलेले आहे. कोर्स मात्र सगळ्यांच्या तोंडी ओक ग्रोव्हच राहिला आहे. शेजारीच जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या, म्हणजे जेपीएलच्या, इमारती दिसतात. याच ओढ्याच्या कोरड्या पात्रात, धरणाच्या वरच्या बाजूला, ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या काही तरुणांनी आपल्या रॉकेट इंजिनाची पहिली चाचणी घेतली होती आणि पुढे त्यातूनच जेपीएल उभी राहिली. एका बाजूला अवकाशयानांची प्रयोगशाळा आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या तबकडीच्या खेळाचे पहिले मैदान, असा योग जगात दुसरीकडे कुठे असेल असे मला वाटत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोल्फमध्ये चेंडू जसा कमीत कमी फटक्यांत खळग्यात घालायचा असतो, तशी इथे डिस्क कमीत कमी फेकींत लक्ष्यात घालायची असते. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, पहिली फेक करायची. डिस्क जिथे थांबेल तिथे खूण ठेवून तिच्या मागून पुढची फेक करायची. आणि शेवटी लोखंडी खांबाभोवती लोंबणाऱ्या साखळ्यांवर डिस्क आपटून ती खालच्या जाळीच्या टोपलीत विसावली की तो होल पूर्ण झाला. ही बास्केट आज जगभरच्या पंधरा हजारांहून अधिक कोर्सवर दिसते. ओक ग्रोव्ह सुरू झाला तेव्हा मात्र ती अस्तित्वातच नव्हती.

ही सगळी हकीकत एड हेड्रिक या माणसाभोवती फिरते. पासाडेनापासून जवळच असलेल्या सॅन गॅब्रिएल गावातील व्हॅम-ओ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीत हेड्रिक १९६४ साली आले. फ्रेड मॉरिसन यांनी शोधलेली उडती तबकडी, म्हणजे फ्रिस्बी, कंपनीने आधीच विकत घेतलेली होती, पण ती हवेत डगमगत असे. हेड्रिक यांनी तिच्या पाठीवर बारीक उंचवट्यांच्या गोल रेघा आणल्या, त्यामुळे तिचे उड्डाण स्थिर झाले, आणि १९६७ मध्ये त्यांना त्या सुधारणेचे पेटंट मिळाले. तबकडी आता भरवशाने हव्या त्या ठिकाणी जाऊ लागली आणि म्हणूनच तिच्याभोवती नेमबाजीचा खेळ उभा करता आला. लोक झाडांवर, दिव्याच्या खांबांवर, कचऱ्याच्या डब्यांवर नेम धरून असा खेळ अनेक ठिकाणी आपापल्या परीने खेळतच होते. परंतु सार्वजनिक उद्यानात कायमचा कोर्स, ज्यावर कोणीही, कधीही, डिस्क घेऊन यावे आणि खेळावे, तो १९७५ मध्ये प्रथम इथे, ओक ग्रोव्हला झाला.

त्या पहिल्या कोर्सवर लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की होल पूर्ण. यातली अडचण खेळणाऱ्याला लगेच कळते: दूरवरून टाकलेली डिस्क खांबाला चाटून गेली की हुकली, हे कोण ठरवणार? या वादांना कंटाळूनच हेड्रिक आणि त्यांचा मुलगा केन यांनी साखळ्यांची बास्केट घडवली आणि १९७७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. वरच्या कड्यापासून मधल्या खांबाकडे झोळासारख्या उतरत आलेल्या दहा साखळ्या डिस्कचा वेग गिळून टाकतात आणि ती सरळ खालच्या टोपलीत पडते. लागली की नाही याला आता साखळ्यांचा आवाजच साक्षीदार असतो. त्या आधीच्या वर्षी, १९७६ मध्ये, हेड्रिक यांनी कोर्स उभारणारी डिस्क गोल्फ असोसिएशन ही कंपनी आणि खेळाडूंची संघटना पीडीजीए या दोन्हींची स्थापना केली होती. पीडीजीएचा सदस्य क्रमांक एक त्यांचाच. २००२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळून स्मृती-डिस्क बनवण्यात आल्या. खेळावर इतके प्रेम असलेल्या माणसाने आखलेला हा पहिला कोर्स, त्यामुळे तो घाईघाईने, मिळेल त्या जागेत बसवलेला असेल असे समजणे त्यांच्यावर अन्यायाचे ठरेल.

आता मूळ तक्रारीकडे येतो, म्हणजे लांबीकडे. अठरा होलांचा हा कोर्स. त्यातले बरेचसे होल तीनशे फुटांच्या आतबाहेर येतात. आज ज्याच्या पिशवीत बारीक धारेचे ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीच्या डिस्क, आहेत असा चांगला हौशी खेळाडू हे अंतर एका फेकीत गाठतो, व्यावसायिक खेळाडू तर त्याच्या दीडपट फेकतात, आणि लांब फेकीचा पुरुषांचा विक्रम २०१६ मध्ये ३३८ मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांच्याही पुढे गेला. या आकड्यांशेजारी ओक ग्रोव्हचे आकडे ठेवले तर ते खुजेच दिसणार. पण १९७५ मध्ये हा ड्रायव्हर नव्हता. आज आपण ज्याला गोल्फ डिस्क म्हणतो, ती उतरत्या, धारदार कडेची डिस्क १९८३ मध्ये आली. डेव्ह ड्युनिपेस यांनी आखलेली आणि इनोव्हा कंपनीने बाजारात आणलेली ईगल ही तिची पहिली पिढी. त्याआधी लोक खेळत ते जाड, गोलसर कडेच्या, घुमटासारख्या पाठीच्या फ्रिस्बीने. अशी डिस्क हवा कापत नाही, हवेवर तरंगते. तिच्यावर हवेचा विरोध जास्त, त्यामुळे ती लवकर मंदावते; आणि जास्त जोर लावला तर ती उजव्या हाताच्या बॅकहँडवर उजवीकडे पालथी होऊ लागते. तिला लांब नेण्यासाठी दंडातल्या ताकदीपेक्षा मनगटाची फिरकी आणि सुटण्याच्या क्षणीचा कोन यांवर भिस्त ठेवावी लागते. अशा डिस्कसाठी अडीचशे फूट हे अंतर मुळीच लहान नाही. त्या अंतराच्या मध्यावर ओकची एक आडवी फांदी आली, तर ते चांगलेच अवघड आहे.

ही गोष्ट मला तिथल्याच एका वयस्कर खेळाडूला पाहून नीट उमगली. सत्तरीच्या आसपासचे असावेत. खांद्यावर पिशवी नाही, हातात एकच जुनी, कडा खरखरीत झालेली फ्रिस्बी. ते टीवर आले, पाय फारसे न हलवता कमरेपासून वळले आणि डिस्क पोटाच्या उंचीवरून अशी सोडली की ती जमिनीपासून जेमतेम माणसाच्या खांद्याइतकी वर राहिली. समोर ओकच्या फांद्या खाली वाकून आलेल्या होत्या, जुन्या वाड्याच्या ठेंगण्या दारातून आत जाताना मान जशी वाकवावी लागते तसे त्या डिस्कने त्यांच्याखालून जाणे भागच होते, आणि ती गेली. फांद्या संपल्यावर तिचा वेग सरला, डावीकडे अगदी किंचित कलंडून ती बास्केटपासून पाच-सहा पावलांवर पालापाचोळ्यात बसली. मागून आलेल्या तरुणाने त्याच टीवरून ड्रायव्हर काढला, धावत येऊन तो सणसणीत फेकला आणि डिस्क पहिल्याच फांदीवर आदळून त्याच्याच पायांशी परत आली. होल तोच होता, अंतर तेच होते. त्या होलाला जो प्रश्न विचारायचा होता तो फक्त एकाने ऐकला होता.

म्हणून ओक ग्रोव्ह खेळायला जाणाऱ्याने ड्रायव्हर गाडीतच ठेवावेत, असे मी मनापासून सुचवतो. एक पटर पुरेसा आहे; फार तर एक मिडरेंज, म्हणजे मध्यम अंतराची डिस्क, सोबत असावी. पटर म्हणजे जाड कडेची, मंद गतीची, सरळ जाणारी डिस्क, आणि वागणुकीने ती जुन्या फ्रिस्बीच्या सगळ्यात जवळची असते. पटरने टीवरून फेक करताना हाताच्या चुका लपत नाहीत. डिस्कचे नाक, म्हणजे पुढची कड, जरा वर असले की ती वर चढून थांबते आणि सरळ खाली पडते. सोडताना बाहेरची कड किंचित खाली असली की ती डावीकडे घसरते (या कोनाला हायझर म्हणतात). फिरकी कमी पडली की शेवटच्या पन्नास फुटांत ती थरथरते. ड्रायव्हरचा वेग या चुकांवर पांघरूण घालतो आणि मोकळ्या, लांब कोर्सवर ते खपूनही जाते. इथे फांद्यांच्या मधून जी वाट मिळते ती इतकी निमुळती आहे की थोड्याशा चुकीलाही झाड भेटतेच. एका पटरने इथली एक फेरी खेळलेला माणूस पुढच्या कुठल्याही कोर्सवर अधिक चांगला खेळेल, याची मला खात्री आहे.

कोर्सचा जीव या ओक झाडांत आहे. कॅलिफोर्नियाच्या किनारी भागातला हा कोस्ट लाइव्ह ओक सदाहरित असतो. त्याची पाने लहान, टणक, पाठीशी फुगीर आणि कडेला बारीक काटेरी असतात, फांद्या वाकत, वळत, कधी थेट जमिनीपर्यंत येतात. झाड वर्षभर पाने गाळत असल्यामुळे खाली सुक्या पानांचा थर कायम असतो. याचा खेळावर दुहेरी परिणाम होतो. वरून उंच फेक घेऊन झाड ओलांडावे म्हटले तर पसारा इतका रुंद की डिस्क शेंड्यात अडकण्याचीच शक्यता अधिक; खालून न्यावी म्हटले तर उंची मोजकीच मिळते. आणि डिस्क बास्केटच्या अलीकडे सपाट उतरली तरी ती थांबत नाही. सुक्या पानांवरून सरपटत आणखी दहा-पंधरा फूट पुढे जाते. नवखा खेळाडू बास्केटवर नेम धरतो, मुरलेला खेळाडू बास्केटच्या अलीकडच्या एखाद्या जागेवर. झाडांच्या पसरट मुळांचाही हिशेब ठेवावा लागतो: मुळाला लागून डिस्क कडेवर उभी राहिली की उतारावरून चाकासारखी गडगडत जाते आणि दहा फुटांचा सोपा पट, म्हणजे बास्केटमध्ये घालायची जवळची फेक, चाळीस फुटांचा होऊन बसतो.

पटविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण छोट्या कोर्सवर निकाल तिथेच लागतो. नियमानुसार बास्केटपासून दहा मीटरच्या आत असताना डिस्क सोडल्यावर तोल सावरून उभे राहावे लागते. फेकीच्या ओघात पुढे पाऊल टाकता येत नाही. सपाट गवतावर हे सोपे असते. इथे पायाखाली उतार, मुळे आणि सुटी माती असल्याने एक पाय वर, एक पाय खाली अशा अवस्थेत पट घ्यावा लागतो आणि बास्केटच्या मागे जमीन उतरती असली तर मनात लगेच शंका येते की हुकले तर काय होईल. त्या शंकेने हात आखडतो, डिस्क साखळ्यांच्या खाली टोपलीच्या कडेवर आपटते आणि बाहेर पडते. पार तीनच्या, म्हणजे तीन फेकींत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या, होलावर टीवरची फेक उत्तम पडूनही बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फेक कमी लागण्याची संधी, हातची जाते ती अशी. लांब कोर्सवर दोन-तीन फेकी चुकल्या तरी भरून काढायला जागा असते. इथे प्रत्येक होलावर बर्डीची आशा असल्यामुळे चुकलेला पट फार सलतो. आकडा लहान म्हणून कोर्स सोपा असे मानणाऱ्यांनी स्वतःचा गुणफलक प्रामाणिकपणे लिहून पाहावा.

एकदा माझ्याबरोबर माझी मोठी बहीण आली होती. तिने आयुष्यात डिस्क हातात धरलेली नव्हती. पहिल्या टीवर ती सगळा जोर एकवटून उभी राहिली तेव्हा मी म्हणालो, "ताई, जोर लावू नकोस. ताट सरकवतेस तशी नुसती सोड." ती म्हणाली, "अरे, पण समोर एवढे झाड आहे ना!" झाडाच्या भीतीनेच तिने डिस्क हळू आणि खालून सोडली आणि ती फांदीखालून निघून गेली. फेरी संपेपर्यंत तिने एकाही होलावर डिस्क हरवली नाही आणि एकदा वीसेक फुटांवरून साखळ्या वाजवल्या, त्या आवाजाने पलीकडच्या होलावरच्या अनोळखी लोकांनीही टाळ्या वाजवल्या. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी खेळाचे सगळे अंग, म्हणजे फेक, वाट शोधणे, पट, अनुभवायला मिळणे हे छोट्या कोर्सचे मोठे बलस्थान आहे. हजार फुटांच्या होलावर तिने सात-आठ फेकी केल्या असत्या आणि कंटाळून परत गेली असती.

कोर्स सार्वजनिक उद्यानात असल्याचे फायदे आणि अडचणी दोन्ही इथे दिसतात. खेळायला पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही, वेळ राखून ठेवावी लागत नाही. डिस्क घेऊन यावे आणि पहिल्या टीवर आपली पाळी येईपर्यंत थांबावे. जगातले बहुतांश डिस्क गोल्फ कोर्स आजही विनामूल्य आहेत आणि त्याची सुरुवात इथून झाली, याचे मोल मला कोर्सच्या वयापेक्षाही अधिक वाटते. त्याच वेळी उद्यान सर्वांचे असल्याने होलांच्या आसपास सहलीला आलेली कुटुंबे असतात, कुत्र्यांना फिरवणारे असतात, ओढ्याकडच्या पायवाटांवर घोडेस्वारही असतात. पावणेदोनशे ग्रॅमची, कडक कडेची डिस्क वेगाने येऊन लागली तर चांगली इजा होते. वाट पूर्ण मोकळी होईपर्यंत फेक करायची नाही, आणि चुकून कोणाच्या दिशेने गेलीच तर 'फोर' असे मोठ्याने ओरडायचे, हा शिष्टाचार इथे काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे. नेहमीचे खेळाडू तो पाळतात. बाहेरून येणाऱ्या, विशेषतः ड्रायव्हर परजत येणाऱ्या गटांविषयी मला तसे म्हणता येणार नाही, आणि इथे पटरनेच खेळावे या माझ्या आग्रहामागे हेही एक कारण आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिल्यांदा येणाऱ्याला एका होलावरून पुढची टी कुठे आहे हे शोधताना गोंधळ होतो. फेअरवे, म्हणजे टीपासून बास्केटपर्यंतचे पट्टे, एकमेकांच्या जवळ आहेत, झाडांमुळे दूरचे दिसत नाही, आणि दुसऱ्याच होलाच्या बास्केटकडे खेळत जाण्याचा प्रसंग येऊ शकतो. मोबाइलवर कोर्सचा नकाशा उघडून ठेवणे किंवा नेहमीच्या खेळाडूंमागोमाग जाणे हे यावरचे उपाय आहेत. सुटीच्या दिवशी दुपारी टीवर रांग लागते आणि छोट्या होलांमुळे ती रांग पुढे सरकण्याऐवजी पुढच्या टीवर पुन्हा भेटते. शांतपणे खेळायचे असेल तर आठवड्याच्या मधला दिवस आणि सकाळची वेळ निवडावी. उन्हाळ्यात पायथ्याचा हा भाग चांगलाच तापतो, ओकच्या सावलीमुळे खेळणे सुसह्य होते इतकेच, तेव्हा पाणी भरपूर घ्यावे. वाटेबाहेरच्या झुडपांत डिस्क गेली तर तीन-तीन पानांचा विषारी ओक ओळखता यायला हवा, कारण त्याच्या स्पर्शाने अंगावर खाजरे फोड येतात, आणि उबदार दिवसांत रॅटलस्नेक सापांचे भान ठेवून हात घालण्याआधी काठीने झुडूप हलवून पाहावे.

सर्वांत गंभीर उणीव जमिनीची आहे. पन्नास वर्षे हजारो पावले त्याच टींवरून त्याच बास्केटकडे चालत आली आहेत. टीपाशी आणि बास्केटभोवती माती दगडासारखी घट्ट झाली आहे, उतारांवरून ती पावसात वाहून जाते आणि काही ठिकाणी ओकची मुळे उघडी पडलेली दिसतात. ओकच्या बारीक मुळांना हवा लागते. माती दाबली गेली की ती गुदमरतात आणि झाड वरून हिरवे दिसत असतानाच आतून खंगू लागते. त्यातच डिस्कचे खोडावर बसणारे घाव आहेत. खोडांच्या टीकडच्या बाजूला साल झडून पडलेले फिकट चट्टे मी हात लावून पाहिले आहेत. काही ठिकाणी चट्ट्यावर चट्टा बसून बोटाचे पेर मावेल एवढा खळगा झाला आहे. ही झाडे गेली तर उरलेल्या मोकळ्या जागेला कोर्स म्हणण्यात काही अर्थ राहणार नाही, कारण इथली सगळी अवघडता त्यांनीच निर्माण केलेली आहे.

कोर्स लांबवून आजच्या ड्रायव्हरच्या मापाचा करावा, असे अधूनमधून काही खेळाडू बोलून दाखवतात. मला ते सर्वथा अमान्य आहे. वाढायला जागा आहे ती ओढ्याच्या पात्राकडे, आणि ती पुराच्या पाण्यासाठी व तिथल्या पक्ष्या-प्राण्यांसाठी राखलेली आहे. शिवाय लांब कोर्स कॅलिफोर्नियात हवे तितके आहेत, ज्यांना नऊ हजार फुटांचा कोर्स हवा त्यांनी तिकडे जावे. ओक ग्रोव्हवर खर्च करायचाच तर तो वेगळ्या गोष्टींवर व्हावा. प्रत्येक होलाला बास्केटच्या दोन-तीन जागा ठेवून त्या काही आठवड्यांनी बदलत राहिल्या की जमिनीला विश्रांती मिळते. मुळांभोवती लाकडाच्या भुशाचा जाड थर पसरला की माती दाबली जात नाही. ऐन फेकीच्या रेषेत असलेल्या खोडांपुढे लाकडी खांबांचा आडोसा उभा केला की साल वाचते. हे उपाय अनेक कोर्सवर रूढ आहेत, फार महागही नाहीत, आणि खेळाडूंनी एखाद्या सकाळी फावडी घेऊन जमायचे ठरवले तर त्यातले बरेचसे उद्यानाच्या व्यवस्थापनाची परवानगी घेऊन हाताने करता येण्यासारखे आहेत. जाणाऱ्यांनी २१० क्रमांकाच्या फूटहिल फ्रीवेवरून बर्कशायर अव्हेन्यू आणि ओक ग्रोव्ह ड्राइव्हच्या फाट्याला उतरावे, पटर घ्यावा, आणि डिस्क फांदीत अडकली तर फांदी ओढून वाकवू नये. खालून दुसरी डिस्क हळूच मारून ती पाडता येते.